परदेश दौऱ्यावर निघताना व्यापाऱ्याने मोबाइल सेवा कशी निवडावी?

वर्धा जिल्हा समुद्रापासून दूर असला तरी त्याचा व्यापार कधीच आपल्या वेशीपुरता राहिलेला नाही. इंग्रजी अमदानीत हिंगणघाटचा कापूस आपल्या गावाच्या नावानिशी विलायतेच्या बाजारात विकला जात होता. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची ओळख दूरवर गेली. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत आणि विदर्भाच्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक परदेशात, बांगलादेशात आहे. दुबईला दरवर्षी भरणारे गल्फूड हे खाद्यपदार्थांचे प्रदर्शन असो, की १९५७ पासून चालत आलेला चीनमधील ग्वांगझौचा कँटन मेळा असो, लहान शहरांतील व्यापारीही आता तेथे माल पाहायला आणि दाखवायला जातात. सुतारकाम, वेल्डिंग, एसी दुरुस्ती करणारे कारागीर बांधव कामाच्या ठेक्यावर आखाती देशांत महिनोन्महिने राहून येतात.

या सर्वांची तिकिटाची, व्हिसाची, नमुन्यांची तयारी महिनाभर चालते. मोबाइलचा विचार मात्र बहुधा विमानतळावर पोचल्यावर होतो. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर माणूस नेहमीच्या सवयीने फोन वापरतो आणि परत आल्यावर हजारोंचे बिल पाहून थक्क होतो. नाही तर खर्चाच्या धास्तीने सिम काढून खिशात ठेवतो आणि इकडे बँकेचा ओटीपी येत नाही, माल सोडवायचे पैसे अडकतात, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळते. दोन्ही नुकसाने टाळता येण्यासारखी आहेत.

अमुक कंपनी चांगली आणि तमुक वाईट, असे आम्ही येथे सांगणार नाही. कंपन्यांचे पॅक आणि दर सतत बदलतात. आज लिहिलेला दर पुढच्या हंगामात खोटा ठरू शकतो. निवड करण्याची रीत मात्र बदलत नाही. ती एकदा समजली की कोणत्याही देशासाठी आणि कोणत्याही कंपनीबाबत योग्य तो निर्णय आपला आपण घेता येतो.

तारेपासून मोबाइलपर्यंत

व्यापाऱ्याला परदेशाशी बोलण्याची गरज नवी नाही. समुद्राखालून टाकलेल्या तारेने १८७० मध्ये मुंबई विलायतेशी जोडली गेली आणि पूर्वी बोटीने महिन्याभरात येणारी भावाची खबर काही तासांत येऊ लागली. त्या काळी शब्दागणिक पैसे पडत, म्हणून व्यापारी मोजके शब्द लिहीत. पुढे ट्रंक कॉल आले, मग पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी बूथ आले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी केलेले संभाषण हा भारतातील पहिला मोबाइल कॉल मानला जातो.

सुरुवातीच्या त्या वर्षांत आलेल्या कॉललाही पैसे पडत असत. २००३ मध्ये ही पद्धत गेली. जो फोन लावील तोच पैसे देईल, असे ठरले. आज देशात कोठेही गेलो तरी येणारा कॉल फुकट असतो आणि आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की परदेशातही तसेच असेल असे आपण गृहीत धरतो. बिलाचा पहिला धक्का बसतो तो येथेच.

रोमिंगचे पैसे का पडतात?

आपल्या सिममध्ये एक ओळखक्रमांक असतो. त्यातील पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचे ४०४ आणि ४०५ आहेत. आपण दुबईला उतरून फोन सुरू केला की तेथील कंपनीचा टॉवर हा क्रमांक वाचतो, हे सिम भारतातील अमुक कंपनीचे आहे हे ओळखतो आणि त्या कंपनीला विचारतो, ‘या गिऱ्हाइकाला सेवा द्यायची का?’ दोन्ही कंपन्यांमध्ये करार असेल आणि आपल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असेल, तरच नेटवर्क मिळते. तेथील कंपनी तिच्या सेवेचे पैसे आपल्या कंपनीकडून वसूल करते आणि आपली कंपनी ते आपल्याकडून घेते.

आता येणाऱ्या कॉलचे पाहू. हिंगणघाटचे गिऱ्हाईक आपला नेहमीचा नंबर लावते. आपण दुबईत आहोत हे त्याला ठाऊक नसते आणि त्याला पैसे पडतात ते भारतातल्या भारतात केलेल्या कॉलचेच. पण तो कॉल भारतातून पुढे दुबईपर्यंत न्यावा लागतो. या पुढच्या टप्प्याचा खर्च त्याच्यावर टाकता येत नाही, म्हणून तो आपल्यावर पडतो.

हिशेब करून पाहू. समजा, पॅक न घेता येणाऱ्या कॉलचा दर मिनिटाला ६० रुपये आहे. हा आकडा केवळ उदाहरणासाठी धरला आहे; खरा दर आपल्या कंपनीकडून विचारून घ्यावा. दिवसाला २० कॉल आले आणि प्रत्येक कॉल सरासरी २ मिनिटे चालला, तर ४० मिनिटांचे २,४०० रुपये झाले. सहा दिवसांचे १४,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २,५९२ रुपये. एकूण १६,९९२ रुपये, आणि यात आपण स्वतः एकही कॉल लावलेला नाही.

इंटरनेटचे गणित याहून नाजूक असते. कॉल तरी आपण उचलतो तेव्हाच पैसे पडतात; डेटा मात्र फोन आपणहून खर्च करतो. फोटोंचा साठा वर चढवणे, ॲप अद्ययावत करणे, व्हॉट्सॲपच्या गटांतील चित्रफिती उतरवून घेणे ही कामे फोन खिशात असतानाही चालू असतात.

नंबरची दोन कामे वेगळी करा

या धड्याचे मर्म आमच्या मते एवढेच आहे की, मोबाइल नंबर दोन निरनिराळी कामे करतो आणि दोहोंसाठी एकच सेवा घेण्याची गरज नसते.

पहिले काम ओळखीचे. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, बँकेत, जीएसटीच्या नोंदणीत, यूपीआयमध्ये, गिऱ्हाइकांच्या वहीत आपला एकच भारतीय नंबर असतो. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. हा नंबर बंद पडला तर आपण आपल्याच खात्याच्या दाराबाहेर उभे राहतो.

दुसरे काम बोलण्याचे. भावाची विचारणा, नमुन्याचे फोटो, घरच्यांशी बोलणे, रस्ता शोधणे. याला आपलाच नंबर लागतो असे नाही. त्यासाठी स्वस्त आणि भरवशाचे इंटरनेट पुरे असते.

ओळखीच्या कामाला फार थोडी सेवा लागते, पण ती अखंड लागते. बोलण्याच्या कामाला सेवा पुष्कळ लागते, पण ती कोणत्याही नंबरावरून चालते. म्हणून भारतीय सिम फोनमध्ये जिवंत ठेवावे आणि बोलण्या-पाहण्याचा भार दौऱ्याच्या मुदतीप्रमाणे दुसरीकडे टाकावा, हे सर्वसाधारण सूत्र आहे. आज बहुतेक स्मार्टफोनमध्ये दोन सिमची सोय असते, त्यामुळे हे सहज साधते.

चार मार्ग

१. भारतीय सिमवर रोमिंग पॅक. निघण्यापूर्वीच पॅक घ्यायचा. यात नंबर एकच राहतो, काही शिकावे लागत नाही, विमानातून उतरताच फोन चालू होतो. तीन ते सात दिवसांच्या धावपळीच्या दौऱ्याला हा मार्ग बरा. दिवस वाढले की महाग पडतो. पॅक घेताना पाच गोष्टी विचाराव्यात. आपला देश पॅकच्या यादीत आहे का? येणाऱ्या कॉलची मिनिटे किती? डेटा किती आणि तो संपल्यावर वेग कमी होतो की वेगळा दर लागतो? पॅकचा दिवस भारतीय वेळेने मोजतात की पहिल्या वापरापासून २४ तास? आणि तेथील कोणत्या कंपनीच्या नेटवर्कवर पॅक लागू आहे? विमानात आणि जहाजात मिळणारे नेटवर्क वेगळे असते. ते या पॅकमध्ये येते का, हेही पाहावे.

२. त्या देशातील सिम. दहा दिवसांहून अधिक राहायचे असेल तर बहुधा हेच स्वस्त पडते. पासपोर्ट दाखवून आपल्याच नावावर घ्यावे. सौदी अरेबियात बोटांचे ठसेही घेतात. तेथील व्यापाऱ्याला आपला स्थानिक नंबर दिला की तोही न कचरता फोन करतो. मात्र दुबईचे सिम घेऊन रस्त्याने मस्कतला गेलात तर ओमानमध्ये ते सिम परदेशीच ठरते आणि पुन्हा रोमिंग लागते. एका दौऱ्यात दोन-तीन देश असतील तर हे ध्यानात ठेवावे.

३. ई-सिम. यात प्लास्टिकचे कार्ड नसते. कंपनीने पाठवलेला चौकोनी कोड फोनने वाचला की सेवा सुरू होते. जुन्या सिमला हात लावावा लागत नाही, हा मोठा फायदा. पण आपला फोन ई-सिमचा असला पाहिजे आणि विकणारी कंपनी मान्यताप्राप्त असली पाहिजे. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचे ना-हरकत पत्र लागते. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये सरकारने दोन परदेशी ई-सिम कंपन्यांची ॲप्स रोखली होती. केवळ जाहिरात पाहून पैसे भरू नयेत. शिवाय अशा अनेक ई-सिममध्ये फक्त डेटा असतो, फोन नंबर नसतो.

४. केवळ वाय-फाय. हॉटेलात आणि विमानतळावर फुकट मिळते म्हणून काहीजण यावरच भागवतात. घरी ख्यालीखुशाली कळवायला ठीक आहे, पण बाजारात उभे राहून सौदा करताना ते हाताशी नसते. आणि खुल्या वाय-फायवरून बँकेचा व्यवहार करणे म्हणजे भर चौकात गल्ला उघडून पैसे मोजणे होय.

देशागणिक फरक

दर पाहण्याआधी त्या देशाचा नियम पाहावा. सेवा स्वस्त असली आणि आपल्याला हवे ते ॲपच तेथे चालत नसले, तर त्या स्वस्ताईचा काय उपयोग?

संयुक्त अरब अमिराती, म्हणजे दुबई-शारजा-अबुधाबी. येथे व्हॉट्सॲपवर मजकूर, फोटो, ध्वनिसंदेश पाठवता येतात. व्हॉट्सॲपवरून प्रत्यक्ष बोलणे मात्र तेथील नियमांत बसत नाही. म्हणून ‘तेथे गेल्यावर व्हॉट्सॲपवर बोलू’ असा वायदा करून कोणी निघू नये. झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स, बोटिम अशा काही ॲपना तेथे मान्यता आहे. त्यांपैकी एक आपल्या फोनवर आणि दुकानात बसणाऱ्या मुलाच्या किंवा भावाच्या फोनवर आधीच घालून दोन दिवस वापरून पाहावे. बंदी चुकवण्यासाठी व्हीपीएन वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. नियमबाह्य कामासाठी व्हीपीएन वापरणे हा तेथे गुन्हा आहे आणि दंड ५ लाख ते २० लाख दिरहमपर्यंत आहे.

चीन. २०१७ पासून तेथे व्हॉट्सॲप रोखलेले आहे आणि गुगलच्या सेवा त्याही आधीपासून बंद आहेत. तेथील स्थानिक सिम घेतले तर जीमेलही उघडत नाही. भारतीय सिमवरचा रोमिंग डेटा मात्र सहसा आपल्या भारतीय कंपनीच्या यंत्रणेतून फिरून जातो, त्यामुळे त्यावर ही ॲप्स बहुधा चालतात. म्हणून चीनला जाणाऱ्याने भारतीय पॅक महाग वाटला तरी तो घेण्याचा विचार करावा. तेथील कारखानदार वुईचॅटवर बोलतो, पण त्या ॲपवर भारताने २९ जून २०२० रोजी बंदी घातली. तेव्हा दर, माल, तारीख हे सारे ई-मेलवर किंवा सही-शिक्क्याच्या कागदावर घेऊनच परतावे. नाही तर भारतात आल्यावर त्या बोलण्याचा पुरावा हाती राहत नाही.

युरोप. युरोपीय संघातील एका देशात घेतलेले सिम संघातील इतर देशांतही त्याच दराने चालते. १५ जून २०१७ पासून हा नियम आहे. जर्मनीहून फ्रान्स, इटली असा दौरा असेल तर एकच सिम पुरते. ब्रिटन आणि स्वित्झर्लंड या नियमात येत नाहीत. आणि ही सवलत तेथील सिमला आहे, आपल्या भारतीय सिमला नाही.

सिंगापूर. येथे टू-जी सेवा २०१७ मध्येच बंद झाली. केवळ टू-जीवर चालणारा जुना बटणांचा फोन तेथे नेटवर्कच धरत नाही. ‘ओटीपीसाठी साधा फोन सोबत ठेवतो’ म्हणणाऱ्यांनी तो फोन फोर-जीचा आहे याची खात्री करावी.

तीन उदाहरणे

रीत समजावी म्हणून तीन काल्पनिक प्रवासी घेऊ.

पहिला समुद्रपूर तालुक्यातील हळद व्यापारी. प्रदर्शनासाठी सहा दिवस दुबईला जात आहे. त्याला नवीन गिऱ्हाइके गाठायची आहेत आणि छापलेल्या कार्डावर भारतीय नंबर आहे. त्याने भारतीय सिमवर आठवड्याचा रोमिंग पॅक घ्यावा. गावाकडच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना निघण्यापूर्वीच दुकानातल्या विश्वासू माणसाचा नंबर देऊन त्यावर फोन करायला सांगावे. म्हणजे कॉल दुबईपर्यंत जातच नाही आणि पॅकची मिनिटे नव्या गिऱ्हाइकांसाठी उरतात. मात्र ‘फोन उचलला नाही तर वळवा’ अशी अर्धवट सोय ठेवू नये. तसे केले तर कॉल आधी दुबईला जातो, मग परत भारतात येतो आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे पडू शकतात.

दुसरा वर्ध्याचा रेडिमेड कपड्यांचा दुकानदार. बटणे, चेन, लेस पाहायला बारा दिवस चीनला निघाला आहे. त्याला रोज नमुन्यांचे फोटो भागीदाराला पाठवून होकार घ्यायचा आहे. त्याचे सगळे काम व्हॉट्सॲपवर. स्थानिक सिम त्याच्या कामाचे नाही. त्याने भरपूर डेटा असलेला भारतीय पॅक घ्यावा, फोटो लहान करून पाठवावेत, चित्रफिती हॉटेलवर गेल्यावर पाहाव्यात. एका मिनिटाच्या साध्या बोलण्याला ॲपवर एक एमबीच्या आतबाहेर डेटा लागतो. चेहरा पाहून बोलायचे तर त्याच्या कित्येक पट.

तिसरा पुलगावचा सुतार. फर्निचरच्या ठेक्यावर चार महिने रियाधला जात आहे. त्याला रोमिंग पॅक परवडणार नाही. त्याने तेथे उतरताच आपल्या नावावर सौदी सिम घ्यावे आणि रोजचे बोलणे त्यावरून करावे. पण भारतीय सिम त्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत राहू द्यावे, आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू, डेटा रोमिंग मात्र बंद. येणाऱ्या एसएमएसला आपल्या कंपनीत पैसे पडतात का, ते आधी विचारावे. बहुतेक ठिकाणी पडत नाहीत. भारतीय नंबरावर आलेले कॉल उचलू नयेत, सौदी नंबरावरून उलट बोलावे.

या सुताराला आणखी एक धोका असतो. ९० दिवस ज्या नंबराचा काहीच वापर झाला नाही, तो कंपनी बंद करू शकते. पुढे काही मुदतीनंतर तोच नंबर दुसऱ्याला दिला जातो. बँकेत मात्र तो आपल्याच नावाने नोंदलेला असतो. मग आपला ओटीपी परक्याच्या फोनवर जाऊ लागतो. चार महिन्यांची कमाई ज्या खात्यात साठते, त्याच्या किल्लीची ही गोष्ट आहे. तेव्हा घरच्यांना सांगून भारतीय नंबराचा रिचार्ज मुदतीत करवून घ्यावा आणि महिन्यातून एकदा तरी त्यावर एसएमएसची ये-जा व्हावी.

निघण्यापूर्वीची तयारी

पुढील कामे निघण्याआधी किमान आठ दिवस करावीत.

१. कंपनीच्या दुकानात किंवा ॲपवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावे. पॅक घेणे आणि रोमिंग चालू करणे ही दोन वेगळी कामे असू शकतात.

२. सिम जुने झाले असेल किंवा ई-सिम करायचे असेल तर ते याच वेळी करावे. सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद राहतात आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस कंपनी बदलता येत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी सिम बदलणारा ओटीपीविना विमानात बसतो.

३. फोनमधील सर्व भारतीय नंबर +९१ लावून साठवावेत. नुसता दहा आकडी नंबर परदेशातून लागत नाही.

४. यूपीआय आणि बँकेची ॲप्स चालू फोनवरच राहू द्यावीत. प्रवासाच्या तोंडावर नवा फोन घेऊ नये. ॲप नव्याने नोंदवायला त्याच भारतीय सिममधून एसएमएस जावा लागतो.

५. नवे सिम घातल्यावर व्हॉट्सॲप ‘नंबर बदलायचा का?’ असे विचारते. नाही म्हणावे. आपले खाते भारतीय नंबरावरच राहू द्यावे. नोंदलेले सिम फोनमध्ये असल्याशिवाय अशी संदेश-ॲप्स चालू नयेत, असा आदेश दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी काढला आणि कंपन्यांना ९० दिवसांची मुदत दिली. भारतीय सिम काढून पाकिटात ठेवण्याची जुनी सवय सोडण्याचे हे आणखी एक कारण.

६. फोटोंची आपोआप साठवण, ॲपची आपोआप सुधारणा आणि व्हॉट्सॲपचे आपोआप उतरवणे बंद करावे.

७. फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो कागदावर लिहून घरी ठेवावा. फोन हरवल्यास संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून भारतात तो बंद करता येतो.

८. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी मोबाइलचे बिल दुकानाच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे. व्यवसायासाठी भरलेल्या रोमिंग बिलावरील कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ही वजावट नाही.

फसवणुकीपासून सावध

परदेशात गेलेल्या माणसाचा फोन तासन्‌तास बंद असतो आणि घरचे त्याच्याशी लगेच बोलू शकत नाहीत, हे भामट्यांना चांगले ठाऊक असते. ‘तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे, पैसे पाठवा’ असा फोन घरी आला तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. आमची सूचना अशी की, घरात एक खुणेचा शब्द ठरवावा. तो सांगितल्याशिवाय कोणी एक रुपयाही पाठवू नये. नवीन नंबरावरून व्यापाऱ्याच्या नावाने ‘बँक खाते बदलले आहे’ असा संदेश आला, तर जुन्या नंबरावर प्रत्यक्ष बोलल्याशिवाय नव्या खात्यात पैसे टाकू नयेत.

कोणी फोनवरून *४०१# सारखा कोड दाबायला सांगितला तर दाबू नये. या कोडने आपले कॉल परक्याच्या नंबरावर वळवले जात असत. म्हणूनच १५ एप्रिल २०२४ पासून कोडद्वारे कॉल वळवण्याची सोय थांबवण्याचा आदेश सरकारने दिला. कॉल वळवायचे तर कंपनीमार्फत किंवा फोनच्या सेटिंगमधून वळवावेत.

सर्वांत महत्त्वाचे: आपल्या नावावरचे सिम दुसऱ्याला वापरायला देऊ नये आणि दुसऱ्याने दिलेली सिम परदेशी नेऊ नयेत. ‘माझ्या भावाला दुबईत एवढी चार कार्डे पोचवा’ अशी विनंती ओळखीतून आली तरी नाही म्हणावे. अशा सिमवरून पुढे कोणाची फसवणूक झाली तर चौकशी ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्या आणि ज्याने ते नेले त्याच्या दारात येते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात खोटेपणाने सिम मिळवण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या नावावर किती सिम आहेत, हेही संचार साथीवर पाहता येते. मुदतीच्या ठेक्यावर जाणाऱ्या तरुण कारागिरांच्या भोळेपणाचा असा फायदा घेतला जाऊ शकतो, म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट त्यांना निघण्यापूर्वी समजावून सांगावी.

तसेच परत येताना तेथून उपग्रह फोन आणू नये. परवान्याशिवाय असा फोन भारतात आणणे बेकायदा आहे, मग तो भेट मिळालेला का असेना.

तात्पर्य

निवड करताना प्रश्नांचा क्रम असा ठेवावा: किती दिवस? कोणता देश, आणि तेथे कोणते ॲप चालते? मला फोन येणार आहेत की मी करणार आहे? आणि माझा भारतीय नंबर कोणत्या बँकेला, कोणत्या कार्यालयाला, कोणत्या गिऱ्हाइकाला लागणार आहे? या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मगच दर पाहावेत. दर आधी पाहणारा स्वस्त पॅक घेतो आणि पुढे महाग चूक करतो.

दौऱ्यावर जाणारा माणूस आपल्या मागे दुकान, कामगार, देणी-घेणी सोडून जात असतो. लोकांनी विश्वासाने दिलेला माल आणि पैसा ही त्याच्याकडे असलेली अमानत असते. तो समुद्रापार असतानाही दिलेल्या शब्दाला जागला पाहिजे आणि वेळेवर पैसे चुकते करू शकला पाहिजे. त्यासाठी त्याचा नंबर चालू असला पाहिजे. आठ दिवस आधी कंपनीच्या दुकानात घालवलेला अर्धा तास या कामी येतो.